पिंपांना दिलेली वर्दी

होलोशच्या मळ्यात ‘शांत झाली’ हा शब्द जपून वापरायचा असतो, हे बोर्बालाला इतक्या वर्षांत कळलं नाही. कळलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तळघरात हा शब्द वाईनचा. द्राक्षाचा रस पिंपात भरला की तो बडबडायला लागतो. दुसरीकडचा रस काही आठवडे बडबडून गप्प बसतो, होलोशचा गोड रस मात्र वर्षवर्ष पुटपुटत राहतो. पिंपाला कान लावा, आत कुणीतरी झोपेत बोलतंय असं वाटेल. मग एक दिवस ते थांबतं. अम्ब्रुश, म्हणजे तळघराचा कारभारी, आणि आपल्या बोर्बालाचा नवरा, वर येऊन सांगायचा, “कोपऱ्यातली शांत झाली,” आणि सगळ्यांचे चेहरे खुलायचे. स्वयंपाकघरात हाच शब्द उतरलेल्या तापाचा आणि रडून झोपलेल्या पोराचा. आणि चर्चच्या पायरीवर तो कशाचा, ते काय सांगायला हवं?

त्या वर्षी ऑक्टोबरात बोद्रोग नदीवरून धुकं आलं ते हलायचं नावच घेईना. सकाळी उठून बघावं तर समोरची टेकडी गायब. दुपारी ती कुणीतरी गुपचूप आणून ठेवल्यासारखी पुन्हा जागेवर. धुकं यायलाच हवं म्हणा. त्यानं दाण्यावर बुरशी धरते, दुपारच्या उन्हात दाणा सुकतो आणि वेलीवरच त्याची मनुका होते. बाहेरून बघाल तर हात लावणार नाही, आत नुसता मध. त्याला तिथे ऑसू म्हणतात. तो एकेक दाणा बोटांनी वेचायचा असतो. आणि वेचायला कधी लागायचं हे सांगायचा मान मालकिणीचा. सिदोनियाबाई हंगामाच्या तोंडावर वेलींच्या ओळीत जायच्या, एक दाणा तोंडात टाकायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तोडा.” त्या शब्दावाचून होलोशच्या वेलीला कुणी हात लावल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांच्या आधी हा शब्द त्यांच्या सासऱ्यांचा होता, त्यांच्याआधी आणखी कुणाचा.

पण त्या वर्षी बाई ओळीत गेल्याच नाहीत. त्यांच्या छातीत कफ भरला, ताप चढला. डॉक्टर दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा जाताना त्यानं टोपी हातातच ठेवली. हे लक्षण गावात सगळ्यांना कळतं.

अम्ब्रुश त्या दिवसांत वर फारसा यायचाच नाही. साठीचा उंच माणूस, तळघराच्या कमानींखाली वाकून वाकून बाहेरही वाकूनच चालायचा. बाईंचा ताप वाढला तसा तो खाली राहायला लागला. गेल्या हंगामाची पिंपं अजून पुटपुटत होती. त्यांच्यात बसलं की त्याला वाटायचं, वरचं जग कुणीतरी झाकण लावून बंद केलंय. भिंतींवर काळी बुरशी चढलेली, जाड, मऊ, जुन्या घोंगडीसारखी. तिनं सगळे आवाज गिळून टाकावेत. बोर्बाला मात्र लग्न होऊन आल्यापासून एकदाही तळघरात उतरली नव्हती.

“त्या भिंतींना केस आहेत,” ती म्हणायची. “मी नाही येणार. मेले तरी येणार नाही.”

म्हणून काही सांगायचं झालं की ती दाराशी उभी राहून वरूनच हाक मारायची. जेवायला या, न्हावी आलाय, तुमच्या बहिणीला मुलगी झाली, सगळं वरूनच. तिचा आवाज पायऱ्यांवरून खाली येता येता निम्मा बुरशीत जायचा, उरलेला अम्ब्रुशपर्यंत पोचायचा.

त्या दिवशीही ती तशीच दाराशी आली. रात्रभर बाईंच्या उशाशी बसून तिचे डोळे चुरचुरत होते. तिनं खाली तोंड करून सांगितलं, “अहो, बाई शांत झाल्या.”

आणि चर्चची घंटा वाजायला लागली.

ती दुपारची घंटा होती. रोज बाराला वाजते तीच. पण तळघरात बाराही नसतात आणि एकही नसतो. अम्ब्रुशला ती मरणाची वाटली. हातातला दिवा त्यानं पिंपावर ठेवला, नाहीतर पडलाच असता. वर हाक मारून विचारावं, कधी, कशा, शेवटी काही बोलल्या का, एवढंही त्याला सुचलं नाही. सुचली ती रीत.

मालक गेला की घंटा वाजतेय तोवर तळघरात वर्दी द्यायची असते. कारभाऱ्यानं कमरेची किल्ली काढायची, प्रत्येक पिंपावर तीनदा टकटक करायची आणि सांगायचं, तुमचा मालक गेला, आजपासून तुम्ही अमक्याचे, राहा. हे सांगितलं नाही तर वाईन मालकाच्या मागोमाग निघते. वसंत येईतो सगळं आंबतं, ओतून द्यावं लागतं. आणि नाव घ्यायला विसरलात तरी तेच. बेवारशी वाईन राहत नाही.

अम्ब्रुशनं किल्ली काढली. पहिल्या पिंपावर टकटक केली. “तुमच्या बाई गेल्या,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण शब्द बाहेर आले. “आजपासून तुम्ही...”

इथे गाडी अडली. बाईंना मूलबाळ नाही. एक पुतण्या, कोर्नेल, तिकडे राजधानीत. तो एकदा उन्हाळ्यात आला होता. बाईंनी त्याच्यासाठी सगळ्यात जुनी बाटली उघडली, आणि त्यानं त्यात सोडा ओतला. अम्ब्रुशनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. आता त्याच कोर्नेलचं नाव जिभेवर आणायला गेला तर ते येईना. पिंप वाट बघत होतं. आतलं पुटपुटणंसुद्धा थांबलंय असं त्याला वाटलं. वर घंटा संपत आली होती.

“...अम्ब्रुशचे,” तो म्हणाला. “राहा.”

एकदा जीभ सुटल्यावर मग काय. तो पिंपामागून पिंप करत गेला, टकटक, बाई गेल्या, अम्ब्रुशचे, राहा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. सबंध आयुष्य ज्यांना अंगाखांद्यावर वागवलं त्यांना आपलं म्हणताना पोटातून जे ऊबदार काहीतरी वर येतं, ते त्याच्या पोटातून वर आलं. शेवटच्या पिंपापाशी तर तो हसलासुद्धा, रडता रडता.

मग त्यानं किल्ली कमरेला लावली, टोपीला काळी फीत गुंडाळली आणि वर आला. स्वयंपाकघरात बोर्बाला कोंबडीचं सूप ढवळत होती.

“हे कुणाला?” त्यानं विचारलं.

“बाईंना. घोटभर तरी घेतील उठल्यावर.”

अम्ब्रुश खुर्चीवर बसला. “कुठून उठल्यावर?”

“झोपेतून. सांगितलं ना मघाशी, ताप उतरला, शांत झाल्या. आता कशा गाढ झोपल्यात.” मग तिचं लक्ष टोपीकडे गेलं. “ही फीत कुणासाठी? कोण गेलं?”

अम्ब्रुशनं सांगितलं. बोर्बालानं पळी खाली ठेवली, कमरेचं फडकं तोंडावर धरलं आणि हसू दाबलं. मग हसू गेलं. तिला एकदम भीती वाटली, कारण रीत तिलाही माहीत होती.

“आणि नाव?” तिनं विचारलं. “कुणाचं घेतलंत?”

“घेतलं एक,” अम्ब्रुश म्हणाला, आणि उठून गेला.

बाई बऱ्या झाल्या. निदान डॉक्टरनं तसं सांगितलं आणि या खेपेला जाताना टोपी घातली. उशीला टेकून बसायला लागल्या, नावं ठेवायला लागल्या. सूप पाणचट आहे, पडदा वाकडा आहे, धुक्याचा वास येतोय, खिडकी कुणी उघडली. सगळ्यांना वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

मग त्यांनी सकाळचा पेला मागितला. अंगठ्याएवढा पेला, गेल्या वर्षीच्या पिंपातला. ही त्यांची सासरी आल्यापासूनची सवय होती. अम्ब्रुश घेऊन गेला. त्यांनी जिभेवर घोट फिरवला, पुन्हा फिरवला, पेला खाली ठेवला.

“दुसऱ्या पिंपातली आण.”

त्यानं दुसऱ्यातली आणली. मग तिसऱ्यातली.

“साखरेचं पाणी,” बाई म्हणाल्या. “अम्ब्रुश, हिला काही ओळखच नाही रे माझी.”

त्या सहज बोलून गेल्या. अम्ब्रुशच्या तोंडचं पाणी पळालं. ओळख कुठून असणार? ज्या बाईला आपण गेलेली समजतो ती समोर येऊन पेला मागते, तर वाईननं तरी काय करावं? तो खाली जाऊन पिंपांपुढे उभा राहिला. ती मजेत पुटपुटत होती. त्याला बघून जरा जास्तच, असं त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

ऑक्टोबर अखेरचा, सायमन आणि ज्यूड या संतांचा सण आला. वेचणी त्या सुमारास सुरू व्हायची. बायका पोटाशी झोळ्या बांधून फाटकाशी उभ्या राहिल्या, पुत्तोनवाले पाठीवर आपापले उंच लाकडी हारे अडकवून त्यांच्या मागे. बोर्बालानं पहिल्या वेलीवरचा एक दाणा बशीत घालून बाईंच्या खोलीत नेला. बाईंनी तो तोंडात टाकला. डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“ओला कापूस,” त्या म्हणाल्या. “मला काही कळत नाही. घरी जाऊ दे सगळ्यांना.”

“बाईसाहेब, दाणे तयार आहेत,” अम्ब्रुश दारातून म्हणाला. “पावसाचा काही नेम नाही. साळुंक्यांनी खालच्या ओळी धरल्यात.”

“मग तू म्हण तोडा.”

“मी कसा म्हणू?”

“मग मी कशाच्या जोरावर म्हणू?” त्या म्हणाल्या. “जिभेची चव गेली की होलोशच्या मालकिणीकडे उरलं काय? सासरे माझे चव गेल्यावर आठवडाभरात गेले. मला कळतंय काय ते.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून त्यांनी खाणं टाकलं. आजार असा काही नव्हता. डॉक्टर आला, छाती ऐकली, छाती साफ. पण त्या सूप मागेनात, नावं ठेवेनात, पडदा वाकडा तर वाकडा. फाटकाशी बायका रोज सकाळी येऊन उभ्या राहायच्या, धुक्यात त्यांचे नुसते आवाज ऐकू यायचे, आणि थोड्या वेळानं तेही लांब जायचे. टेकडीवर दाणे पिकून पिकून ओघळायला लागले होते.

“बाई चालल्या,” बोर्बाला नवऱ्याला म्हणाली. ती बटाटे सोलत होती आणि मान वर करत नव्हती. “जिवंतपणी चालल्या. तुम्ही मारलंत त्यांना तिथे खाली, आता तुम्हीच जिवंत करा.”

“कसं सांगू त्यांना?”

“तोंडानं.”

“हाकलतील मला.”

“हाकलू देत. माझी बहीण आहे मिश्कोल्त्सला, तिच्या अंगणात कोंबड्या आहेत, तुम्ही कोंबड्यांशी बोला.” मग तिनं सुरी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही स्वतःचं नाव घेतलंत ना?”

अम्ब्रुशनं सालींची टोपली उगीचच जवळ ओढली.

“मला वाटलंच,” बोर्बाला म्हणाली. “जा आता.”

तो गेला. बाईंच्या खोलीत खिडकीबाहेर पांढरं पांढरं, आत घड्याळाचा आवाज. बाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. पांघरुणाखाली त्या आहेत की नाहीत कळू नये इतक्या बारीक झाल्या होत्या.

“बाईसाहेब, एक सांगायचं होतं.”

“वेचणीचं असेल तर नको.”

“तुमचं आहे.” अम्ब्रुशनं टोपी दोन्ही हातांत पिळली. “तुम्ही गेलात असं मी पिंपांना सांगितलंय.”

पांघरूण हललं नाही. मग थोडं हललं. मग गदगदायला लागलं. अम्ब्रुश घाबरून पुढे झाला. त्याला वाटलं बाई रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू.

“मेल्या,” त्या म्हणाल्या, “मला विचारायचंस तरी.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडून वळल्या. “कधी सांगितलंस?”

“ज्या दिवशी ताप उतरला. बोर्बाला म्हणाली शांत झाल्या, आणि घंटा वाजली.”

“दुपारी?”

“दुपारी.”

बाई उताण्या झाल्या. छताकडे बघत राहिल्या.

“मला स्वप्न पडलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी पिंप झाले होते. आडवी पडलेय अंधारात, पोट तुडुंब भरलंय, आणि आतून काहीतरी बुडबुडतंय. बरं वाटत होतं रे. उठायची इच्छाच नव्हती. आणि मग कुणीतरी माझ्या पोटावर किल्लीनं ठोकलं. टक टक टक. मला राग आला, म्हटलं कोण आहे, आणि डोळे उघडले.” त्यांनी अम्ब्रुशकडे बघितलं. “म्हणजे तू होतास तो.”

अम्ब्रुशचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“आणि नाव कुणाचं घेतलंस?”

हे येणार हे त्याला ठाऊक होतं.

“कोर्नेलचं?”

“नाही.”

“मग?”

“माझं,” अम्ब्रुश म्हणाला. “कोर्नेलसाहेबांचं नाव येईना तोंडात, घंटा संपत होती. पण ते खरं कारण नाही, बाईसाहेब. नाव घेतलं आणि मला बरं वाटलं. तुम्ही वर गेलेल्या, आणि मला खाली बरं वाटलं. ते मला गिळवत नाहीये. तुमच्या जिभेची चव मी घालवली. आता काय करायचं ते करा.”

दाराबाहेर बोर्बाला उभी होती. आत गेलं नाही तरी तिला सगळं ऐकू येत होतं.

“किल्ली आण इकडे,” बाई म्हणाल्या.

त्यानं कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. तरुणपणी मिळाल्यापासून ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात गेली. बाईंनी ती मुठीत घेतली, पांघरुणाखाली ठेवली.

“बोर्बाला,” त्यांनी हाक मारली, “दाराशी उभी राहून दमली असशील. माझी लोकरी शाल दे. मला खाली जायचंय.”

बाईंना पायऱ्या उतरवणं शक्य नव्हतं. खुर्चीवरून न्यावं तर जिन्याचं वळण अरुंद. शेवटी फाटकातून परत निघालेल्या वेंडेलला बोलावलं. हा पुत्तोनवाल्यांतला सगळ्यात आडदांड. पाठीवर भरलेला हारा घेऊन टेकडी उतरताना शीळ घालणारा. त्यानं बाईंकडे बघितलं, आपल्या हाऱ्याकडे बघितलं आणि कान खाजवला.

“यात बसवायचं, बाईसाहेब? बरं दिसेल का?”

“यात काय घालतोस एरवी?”

“सुकलेले दाणे.”

“मग मी काय ओली दिसते तुला?” बाई म्हणाल्या.

हाऱ्यात उशी घातली, उशीवर बाई, शालीत गुंडाळलेल्या, कडेवरून नुसता चेहरा आणि किल्ली धरलेला हात वर. वेंडेल हळूहळू उतरला. पुढे दिवा घेऊन अम्ब्रुश. बोर्बाला दाराशी थांबली, केसाळ भिंतींकडे बघून तिनं तोंड फिरवलं.

खाली आल्यावर बाईंनी मान वळवून सगळीकडे बघितलं. पिंपं पुटपुटत होती. दिव्याच्या उजेडात काळी बुरशी मखमलीसारखी दिसत होती आणि हवा ओली, गोड, जड. वेंडेलनं आपणहून श्वास हळू केला.

“पहिल्यापाशी ने,” बाई म्हणाल्या.

हाऱ्यातून वाकून त्यांनी पिंपावर किल्ली वाजवली. तीनदा.

“मी सिदोनिया. आहे अजून.”

एवढंच. मग दुसरं, मग तिसरं. मी सिदोनिया, आहे अजून. आवाज आधी चिरका होता, मग ठीक झाला. एकेका पिंपापाशी त्या जरा थांबायच्या, कुणाकडे जाऊन बऱ्याच दिवसांनी दार वाजवावं तशा. अम्ब्रुश दिवा धरून मागे उभा होता आणि त्याची नजर किल्लीवरून हलत नव्हती. त्याच्या नावाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. प्रत्येक पिंपापाशी त्याला वाटायचं, आता म्हणतील, तो खोटं बोलला.

शेवटच्या पिंपापाशी बाई म्हणाल्या, “काढ यातली.”

त्यानं काचेची नळी बुडवून घोटभर काढली, पेल्यात सोडली. बाईंनी पेला तोंडाला लावला. डोळे मिटले. वेंडेलसुद्धा पाठीवरचं ओझं न हलवता मान वळवून बघायला लागला.

“गेल्या वर्षी वरच्या ओळी तू पावसाला घाबरून आधी तोडल्यास,” बाई म्हणाल्या, डोळे मिटलेलेच. “मला म्हणालास, नाही तोडल्या. चवीला लागतंय मला.”

अम्ब्रुशनं खाली बघितलं. तोडल्या होत्या. तेव्हा बाईंनी फक्त खालच्या ओळींना शब्द दिला होता.

“घाईचाच माणूस तू,” बाई म्हणाल्या, आणि पेला रिकामा केला. मग त्यांनी पिंपावर हात ठेवला, चांगला पसरून, आणि पिंपाशी बोलल्या. “ऐकलंत का? यानं तुम्हाला वर्दी दिली ती चुकीची होती, मी आहे. पण नाव जे सांगितलं ते चुकीचं नाही. ते राहू द्या. कोर्नेलला शहरातलं घर देतेय मी, तो सोडा ओतत बसेल तिथे. तुम्ही याचे. फक्त अजून नाही.”

मग त्यांनी किल्ली वेंडेलच्या खांद्यावरून अम्ब्रुशकडे धरली. त्याला घेता येईना. दिवा एका हातात, दुसरा हात डोळ्यांवर.

“घे रे,” बाई म्हणाल्या. “हात दुखतोय माझा. आणि हे ओझं वर ने आता, टेकडीवर जायचंय.”

वेंडेलनं त्यांना तसंच पाठीवर घेऊन वेलींच्या ओळीत नेलं. धुकं होतंच. बायका फाटकाशी परत जमल्या होत्या, त्यांना आधी नुसता हारा दिसला, मग त्यातून डोकावणारा चेहरा. एकीनं क्रूसाची खूण केली. बाईंनी हात लांब करून एक दाणा तोडला, तोंडात टाकला. चघळत राहिल्या. बायका पोटाशी झोळ्या धरून उभ्या.

“तोडा,” बाई म्हणाल्या.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. वेचणी धुक्यात चालली, बोटं चिकट, बोलणी हळू. त्या दिवसांबद्दल बायका पुढे कितीतरी वर्षं बोलायच्या, की सगळं झोपेत केल्यासारखं झालं. रस पिंपात गेला. थंडीभर तो पुटपुटला. बाई सकाळचा पेला घ्यायच्या, सुपाला नावं ठेवायच्या, वकिलाला बोलावून त्यांनी दोन सह्या केल्या आणि त्याच्या बुटांनाही नावं ठेवली.

जूनमध्ये वेलींना मोहोर आला. मोहोर आला की तळघरातली वाईनही हलते, असं होलोशला मानतात. वर फूल उमलतं आणि खाली पिंपात काहीतरी कूस बदलतं. अम्ब्रुश त्या सकाळी नव्या पिंपांना कान लावून बसला होता. आवाज खरंच जरा मोठा होता. दाराशी कुणी हाक मारली नाही.

पण पायऱ्यांवर पावलं वाजली. जड, थांबत थांबत येणारी, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढची घेणारी. अम्ब्रुशला ती पावलं ओळखू येईनात, कारण ती त्यानं इथे कधी ऐकलीच नव्हती. मग कमानीखाली दिव्याचा उजेड पडला, आणि उजेडात बोर्बाला होती. एक हात भिंतीवर टेकलेला, त्या काळ्या केसाळ भिंतीवर, बोटं बुरशीत रुतलेली.

अम्ब्रुश उभा राहिला. तिला काही सांगावंच लागलं नाही. तरी तिनं सांगितलं.

“शांत झाल्या,” ती म्हणाली. “या खेपेला खरंच. म्हणून खाली आले.”

वर घंटा सुरू झाली. अम्ब्रुशनं किल्ली काढली, पहिल्या पिंपापाशी गेला. टकटक केली. “तुमच्या बाई गेल्या,” तो म्हणाला. पुढचं येईना. मागच्या वेळी जे नाव आपोआप आलं होतं ते आता त्याला उच्चारवेना. त्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. त्याचे खांदे हलायला लागले, आणि घंटा वाजत होती.

बोर्बालानं त्याच्या हातातून किल्ली घेतली. फडक्याला बोटं पुसली आणि पिंपावर टकटक केली, दार वाजवावं तशी.

“तुमच्या बाई गेल्या,” ती पिंपाला म्हणाली. “आजपासून तुम्ही ह्यांचे. अम्ब्रुशचे. माझा नवरा आहे. घाई करतात जरा, पण तुमच्यावर जीव आहे त्यांचा. राहा.”

मग तिनं एका हातानं नवऱ्याला धरलं आणि दुसऱ्या पिंपाकडे निघाली.